बेवारस शिफारस

अमेरिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांमध्ये हिपॅटायटिस बीचे लसीकरण अपुरे आहे, हे तिथल्या वैद्यकीय नियतकालिकांत इतक्यांदा छापून आले आहे की आता कोणी त्यावर थबकत नाही. त्याची कारणेही ठरलेली असतात. रुग्णांना माहिती नाही, लसीबद्दल शंका आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या डोसला लोक फिरकत नाहीत. मग उपायही ठरलेला: जनजागृती.

हे निदान मला उथळ वाटते. एचआयव्हीचा उपचार घेणारा माणूस म्हणजे वैद्यकीय व्यवस्थेपासून दूर राहिलेला माणूस नव्हे. त्याचा डॉक्टर ठरलेला असतो, वर्षातून काही वेळा त्याचे रक्त तपासले जाते, तो रोज गोळी घेतो. असा माणूस वर्षानुवर्षे त्याच दवाखान्यात येतो आणि तरीही लसीविना राहतो, तेव्हा त्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवणे हा दवाखान्याने स्वतःची सुटका करून घेण्याचा प्रकार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. लस लोकांच्या जाणिवेमुळे पोचत नाही. ती देण्याचे काम आणि तिचा खर्च कोणाच्या तरी नावावर चढतो तेव्हा ती पोचते. मुलांच्या बाबतीत अमेरिकेने हे केले, रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत केले. एचआयव्ही असलेल्या प्रौढांच्या वाट्याला मात्र चार दशके प्रामुख्याने शिफारशीच आल्या. या उणिवेचे परिणाम एचआयव्हीच्या गोळ्यांनी बराच काळ झाकून ठेवले. आता औषधे बदलत आहेत आणि ते झाकण निघू लागले आहे.

१. एक लस, तीन वाटा

हिपॅटायटिस बीची पहिली लस अमेरिकेत नोव्हेंबर १९८१ मध्ये मंजूर झाली. कोणाला द्यायची, याची शिफारस १९८२ मध्ये आली. तिच्यात जोखमीचे गट सांगितले होते: रक्ताशी संबंध येणारे आरोग्य कर्मचारी, समलैंगिक पुरुष, शिरेतून अमली पदार्थ घेणारे, डायलिसिसवरचे रुग्ण, आणखी काही. लस बाजारात आली आणि तीव्र हिपॅटायटिस बीच्या नोंदी मात्र वाढतच गेल्या. १९८५ मध्ये त्या सुमारे २६,००० वर पोचल्या. १९८६ मध्ये रक्तद्रवाऐवजी यीस्टमध्ये तयार केलेली नवी लस आली. तरीही जोखमीच्या गटांचे धोरण फसल्याचे १९९१ पर्यंत सरकारी तज्ज्ञांनीच मान्य केले होते. इथून पुढे तीन वाटा फुटतात.

पहिली वाट बाळांची. १९९१ मध्ये प्रत्येक बाळाला लस देण्याची शिफारस झाली. ती कागदावर राहिली नाही, कारण १९९४ पासून ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रेन’ ही योजना सुरू झाली. गरीब किंवा विमा नसलेल्या मुलांच्या लसी केंद्र सरकार विकत घेऊन डॉक्टरांना फुकट पुरवू लागले. पुढे बहुतेक राज्यांच्या शाळांनी प्रवेशासाठी या लसीचा दाखला मागायला सुरुवात केली. म्हणजे पैसे कोण देणार ते ठरले, दाखला कोण तपासणार तेही ठरले.

दुसरी वाट आरोग्य कर्मचाऱ्यांची, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी. शिफारस त्यांच्यासाठी १९८२ पासूनच होती. वैद्यकीय माहितीचा त्यांच्याकडे तुटवडा नव्हता. तरी अनेकांनी लस घेतली नव्हती. डिसेंबर १९९१ मध्ये कामगार सुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, रक्तजन्य संसर्गांविषयीचा नियम काढला: ज्यांचा कामावर रक्ताशी संबंध येतो त्यांना मालकाने ही लस स्वखर्चाने देऊ केलीच पाहिजे, कर्मचाऱ्याला नको असेल तर तसे त्याने लिहून द्यायचे. नकार नोंदवावा लागतो, या एका अटीने चित्र पालटले. १९८३ ते १९९५ या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांमधील संसर्ग ९० टक्क्यांहून अधिक घटला. हातमोजे, सुयांची विल्हेवाट यांचाही त्यात वाटा आहे, हे खरे. पण त्याच नियमाने त्याही गोष्टी मालकावर टाकल्या होत्या.

तिसरी वाट उरलेल्या सगळ्यांची. समलैंगिक पुरुष, सुईने नशा करणारे, लैंगिक आजारांच्या दवाखान्यात येणारे, आणि पुढे एचआयव्ही असलेले. यादीत ते होते, पण ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रेन’सारखी प्रौढांसाठी कायमची राष्ट्रीय योजना आजवर उभी राहिलेली नाही. बायडेन सरकारने अंदाजपत्रकात तसा प्रस्ताव मांडला होता; तो कायद्यात उतरला नाही. २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत तिन्ही डोस घेतलेले प्रौढ केवळ ३० टक्के निघाले. केंटकी, टेनेसी आणि वेस्ट व्हर्जिनियात तर २००९ ते २०१३ दरम्यान तीव्र हिपॅटायटिस बीच्या नोंदी ११४ टक्क्यांनी वाढल्या. नवे रुग्ण प्रामुख्याने तिशी-चाळिशीतले गोरे होते आणि सुईतून नशा करणे हे मुख्य कारण होते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना चौथे उदाहरण स्वतःच्या अनुभवातून ठाऊक असेल. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत लसींचा पुरावा मागतात, त्यांत हिपॅटायटिस बी आहे. तिथे कोणी यकृताच्या आरोग्यावर व्याख्यान देत नाही. अर्ज अडतो, म्हणून माणूस दंड पुढे करतो.

२. ज्यांच्या रक्तातून लस उभी राहिली

या तिसऱ्या वाटेवरच्या माणसांचा लसीशी जुना आणि काहीसा अस्वस्थ करणारा संबंध आहे. बारूक ब्लुमबर्ग यांना साठच्या दशकात हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा माग एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात लागला. त्या कामासाठी १९७६ चे नोबेल मिळाले. पण लस माणसांत काम करते का, हे सिद्ध झाले ते न्यूयॉर्कमध्ये. पोलंडहून आलेले साथरोगतज्ज्ञ वुल्फ श्मुनेस यांनी न्यूयॉर्क ब्लड सेंटरमधून नोव्हेंबर १९७८ मध्ये चाचणी सुरू केली. तिच्यात १,०८३ समलैंगिक पुरुष स्वेच्छेने सामील झाले. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा लस घेतलेल्यांतील संसर्ग जास्तीत जास्त ९२.३ टक्क्यांपर्यंत घटल्याचे दिसले. मर्क या औषध कंपनीत मॉरिस हिलमन यांनी बनवलेल्या या लसीचा कच्चा माल म्हणजे विषाणू बाळगणाऱ्यांच्या रक्तातला द्रव. असे दाते बहुतांशी याच समाजातून मिळत.

मग ५ जून १९८१ ला सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. एड्सचा तो पहिला जाहीर अहवाल. लस मंजूर झाली त्याच्या पाच महिन्यांनंतर. ज्यांच्या रक्तातून लस बनते त्यांच्यातच अनोळखी प्राणघातक आजार पसरत आहे, म्हटल्यावर लसीची भीती बसणे स्वाभाविक होते. लस तयार करताना पेप्सिन, युरिया आणि फॉर्मल्डिहाइडची जी प्रक्रिया होई तिच्यात एचआयव्ही टिकत नाही, हे नंतर दाखवून दिले गेले. तोवर लोकांनी पाठ फिरवली होती. त्यात तीन डोसांचा खर्च तेव्हाच्या शंभर डॉलरांच्या घरात.

या काळातली ‘लसीबद्दलची शंका’ खरी होती, तिला कारण होते, आणि ती १९८६ च्या यीस्टच्या लसीबरोबर संपायला हवी होती. त्यानंतरची दशके तिच्या खात्यावर लिहिता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी क्लिनिकने १९७८ ते १९८० मध्ये हिपॅटायटिस बीच्या अभ्यासासाठी सुमारे ६,७०० पुरुषांची नोंदणी केली होती. त्यांचे साठवलेले रक्त पुढे एचआयव्हीच्या प्रसाराचा काळ ठरवायला उपयोगी पडले. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या जुन्या नमुन्यांतूनच मायकेल वोरोबी यांच्या गटाने २०१६ मध्ये विषाणूची वंशावळ मांडली आणि अमेरिकेत एचआयव्ही एकाच माणसाने आणला ही ‘पेशंट झीरो’ची दंतकथा निकाली काढली. म्हणजे एका लसीसाठी दिलेल्या रक्ताने दुसऱ्या साथीचा इतिहासही लिहून दिला. विज्ञानाने या माणसांकडून जे घेतले त्याची नोंद चोख आहे. परत काय पोचले, त्याची तेवढी नाही.

३. टक्का काय सांगतो, काय लपवतो

‘इतके टक्के लसीकरण झाले’ हे वाक्य एचआयव्हीच्या दवाखान्यात जवळजवळ निरर्थक आहे. कारण तिथे चार वेगळी माणसे बसलेली असतात. एकाला लस कधी मिळालीच नाही. दुसऱ्याने तिन्ही डोस घेतले, पण शरीराने पुरेशी प्रतिपिंडे तयार केली नाहीत. तिसऱ्याला संसर्ग होऊन गेला आणि तो आता सुरक्षित आहे. चौथ्याच्या यकृतात विषाणू आजही नांदतो आहे. त्याला लसीचा उपयोग शून्य, औषधाची आणि यकृताच्या कर्करोगावर नजर ठेवण्याची गरज मात्र मोठी. चौघांना वेगळे करायला तीन रक्तचाचण्या लागतात: विषाणूचा पृष्ठभागावरचा प्रतिजन, त्याविरुद्धचे प्रतिपिंड आणि गाभ्याविरुद्धचे प्रतिपिंड. यांपैकी फक्त शेवटची सकारात्मक येणारे रुग्ण एचआयव्हीत बरेच सापडतात. त्यांना एक डोस देऊन प्रतिसाद पाहावा, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. सरसकट टक्केवारीत यातले काहीच दिसत नाही.

चौथा माणूस किती महत्त्वाचा, हे मल्टिसेंटर एड्स कोहॉर्ट स्टडीने २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले. ५,२९३ पुरुषांच्या या अभ्यासात यकृताच्या आजाराने होणारे मृत्यू दर हजार व्यक्ति-वर्षांमागे असे होते: फक्त हिपॅटायटिस बी असलेल्यांत ०.८, फक्त एचआयव्ही असलेल्यांत १.७, आणि दोन्ही असलेल्यांत १४.२. ही नुसती बेरीज नाही. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढिली पडली की हिपॅटायटिस बीचा विषाणू मोकळा सुटतो. निरोगी प्रौढाला हा संसर्ग झाला तर शंभरातल्या ९५ हून अधिक जणांचे शरीर तो स्वतःच निपटते. एचआयव्ही असलेल्यांत तो कायमचा मुक्काम ठोकण्याचे प्रमाण कितीतरी जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरातील एचआयव्हीबाधितांपैकी ७.४ टक्क्यांना हिपॅटायटिस बी आहे. अमेरिकेसाठी दहा टक्क्यांच्या आसपासचा अंदाज बरीच वर्षे वापरात होता, आणि तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

आता दवाखान्याच्या आत काय चालते ते पाहू. एचआयव्ही उपचाराखालच्या अमेरिकन प्रौढांच्या राष्ट्रीय पाहणीतील २००९ ते २०१२ च्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाहणीच्या वर्षाच्या आरंभी ४४.२ टक्के रुग्णांच्या कागदांत लस, संसर्ग किंवा प्रतिकारशक्ती यांपैकी कशाचीच नोंद नव्हती. म्हणजे ते लस द्यायला पात्र होते. वर्षअखेर त्यांतल्या ९.६ टक्क्यांना लस मिळाली; ८२.९ टक्के होते तिथेच राहिले. हे सगळे लोक उपचारात होते, दवाखान्यात येत होते. रुग्ण आले नाहीत, ही सबब इथे चालत नाही.

त्याच अभ्यासात एक दुसरा आकडा आहे आणि माझ्या युक्तिवादाचा अर्धा भार तोच उचलतो. ‘रायन व्हाइट’ कार्यक्रमाचा केंद्रीय निधी मिळणाऱ्या दवाखान्यांत पात्र रुग्णांपैकी १२.५ टक्क्यांना वर्षभरात लस मिळाली. निधी नसलेल्या दवाखान्यांत ३.७ टक्क्यांना. हा कार्यक्रम १९९० च्या कायद्याने उभा राहिला. तिथे गरीब, विमा नसलेले रुग्ण अधिक येतात. जागरूकतेचा सिद्धांत खरा असता तर आकडे उलटे दिसायला हवे होते. फरक पडला तो निधीसोबत मनुष्यबळ, नोंदवही आणि वर जाब विचारणारी यंत्रणा आल्यामुळे, असेच मला दिसते. आणि तरीही १२.५ म्हणजे आठातला एक, हे विसरू नये. निधी देणाऱ्यानेही ही लस मुख्य काम मानलेली नव्हती.

४. गोळ्यांचा आडोसा

इतके दुर्लक्ष होऊनही मोठा अनर्थ दिसला नाही, याचे कारण योगायोगाचे आहे. एचआयव्हीवरची तीन औषधे, लॅमिव्हुडीन, एमट्रिसिटाबीन आणि टेनोफोविर, हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही चालतात. त्यांतही टेनोफोविर भक्कम. पुढच्या काळात अमेरिकेतील बहुसंख्य रुग्णांच्या गोळीत ते होतेच. त्यामुळे ज्यांना दोन्ही आजार होते त्यांच्यावर एका गोळीत दोन्हींचा उपचार झाला, कधी कधी दुसरा आजार माहीत नसतानाही. आणि लस न मिळालेल्यांना नवा संसर्ग होण्याची शक्यताही घटली. लसीची उधारी गोळी फेडत राहिली.

ही व्यवस्था कोणी आखलेली नव्हती, म्हणून ती मोडताना कोणाला कळतही नाही. टेनोफोविरचा मूत्रपिंडांवर आणि हाडांवर होणारा परिणाम टाळण्यासाठी, रोजच्या गोळीचा जाच संपवण्यासाठी नवे पर्याय आले. एप्रिल २०१९ मध्ये डोल्युटेग्राविर-लॅमिव्हुडीन ही दोन औषधांची गोळी मंजूर झाली. तिच्यात टेनोफोविर नाही, आणि दडलेल्या हिपॅटायटिस बीवर एकटे लॅमिव्हुडीन दिले की विषाणू काही वर्षांत त्याला दाद देईनासा होतो. जानेवारी २०२१ मध्ये कॅबोटेग्राविर-रिल्पिविरीनचे इंजेक्शन आले, पुढे ते दोन महिन्यांतून एकदा घेता येऊ लागले. ते हिपॅटायटिस बीवर अजिबात चालत नाही. टेनोफोविर अचानक थांबले तर दबलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते. हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत छापलेला असतो.

प्रतिबंधक औषधांतही तेच. २०१२ ला मंजूर झालेली प्रेपची, म्हणजे एचआयव्ही टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या औषधाची, पहिली गोळी टेनोफोविर-एमट्रिसिटाबीनची होती. डिसेंबर २०२१ चे कॅबोटेग्राविर आणि जून २०२५ चे वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाविर, दोन्ही इंजेक्शने हिपॅटायटिस बीला रोखत नाहीत. एचआयव्हीच्या इतिहासातली ही उत्तम औषधे आहेत, त्यांचे स्वागतच व्हावे. पण तपासणी आणि लस आधी न करता ती देणे म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर काढून ठेवणे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की एचआयव्हीत ही लस नीट लागतच नाही, मग आग्रह कशाला? जुन्या लसींबद्दल हे बरेचसे खरे होते. चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसांत ९० टक्क्यांहून जास्त जणांना संरक्षण मिळते. एचआयव्हीत हा आकडा ३५ ते ७० च्या दरम्यान रेंगाळायचा. दुप्पट मात्रा, जादा डोस असे उपाय चालू होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये हेप्लिसाव्ह-बी ही नवे साहाय्यक द्रव्य वापरणारी लस मंजूर झाली आणि ‘बी-हाइव्ह’ या चाचणीत तिची परीक्षा झाली. पूर्वी लस न घेतलेल्या एचआयव्हीबाधितांच्या छोट्या गटात तीन डोसांनंतर सर्वांमध्ये संरक्षक पातळी आढळली. जुन्या लसीला प्रतिसाद न दिलेल्यांत, म्हणजे सर्वांत अवघड गटात, दोन डोसांनी ९३.१ टक्के, तीन डोसांनी ९९.४ टक्के यश मिळाले. जुन्या पद्धतीच्या लसीच्या तीन डोसांना ८०.६ टक्के. २०२४ च्या अखेरीस हे प्रसिद्ध झाले. हा आक्षेप आता सोडून द्यायला हवा. सीडी४ या प्रतिकारपेशींची संख्या वाढेपर्यंत लस पुढे ढकलण्याचा सल्लाही मार्गदर्शक सूचना देत नाहीत. ढकललेली लस बहुधा राहूनच जाते.

दुसरा आक्षेप काटकसरीचा: देशभरात २०२२ मध्ये तीव्र हिपॅटायटिस बीच्या नोंदी जेमतेम २,१२६ होत्या, मग जोखीम असलेल्यांनाच शोधून लस देणे शहाणपणाचे नाही का? पहिले म्हणजे नोंद झालेले आणि प्रत्यक्ष झालेले यांत मोठी तफावत असते. सीडीसीचाच अंदाज त्याच्या कैक पट आहे. दुसरे, जोखमीवर आधारलेली लस मिळवायची तर माणसाने अनोळखी डॉक्टरपुढे आपल्या शय्येचा आणि सुईचा हिशेब द्यावा लागतो. ते कोण देणार? डॉक्टरही विचारायला संकोचतो. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये १९ ते ५९ वयाच्या सर्वांना लस आणि मार्च २०२३ मध्ये प्रत्येक प्रौढाची आयुष्यात एकदा तरी तीन चाचण्यांची तपासणी, अशा शिफारशी झाल्या. जोखीम विचारण्याचे धोरण अमेरिकेने स्वतःच सोडले, चाळीस वर्षांनी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एचआयव्हीच्या डॉक्टरकडे पंधरा-वीस मिनिटे असतात. व्हायरल लोड, रक्तदाब, नैराश्य, घरभाडे हे सगळे त्यात बसवायचे. त्यात लसीचा भार त्याच्यावर कशाला? अगदी मान्य. म्हणूनच हे काम डॉक्टरच्या स्मरणशक्तीवर सोडू नये, असे मी म्हणतो. परिचारिकेला स्वतःच्या अधिकारात लस देऊ द्यावी, नकार लेखी घ्यावा, निधी देणाऱ्याने व्हायरल लोडबरोबर हिपॅटायटिस बीची स्थितीही मागावी. खर्चाचा अडसर अलीकडे बराच दूर झाला आहे: ऑक्टोबर २०२३ पासून मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यात, प्रौढांना शिफारस केलेल्या लसींसाठी खिशातून पैसे द्यावे लागत नाहीत, २०२५ पासून ज्येष्ठांच्या मेडिकेअरनेही या लसीची कक्षा वाढवली. पैसे आले, नाव अजून लागायचे आहे.

आपल्याकडे

महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशात सर्वाधिक आहे आणि देशात हिपॅटायटिस बी असलेल्यांची संख्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार, सुमारे २ कोटी ९८ लाख. बाळांच्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस देशभर आली ती २०११ मध्ये. म्हणजे आज एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, येणारे बहुतेक सर्व प्रौढ त्या कक्षेबाहेर जन्मले. पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट हीच लस बनवून जगाला पुरवते, तेव्हा तुटवड्याची सबब आपल्याला तर मुळीच शोभत नाही. आपल्या सरकारी केंद्रांत मिळणाऱ्या टेनोफोविर-लॅमिव्हुडीन-डोल्युटेग्राविरच्या गोळीने इथेही तोच आडोसा उभा केला आहे. उद्या इथेही इंजेक्शने येतील. त्यांच्या आधी त्या तीन चाचण्या कोण करणार, हे आताच ठरवता येईल; अमेरिकेने ते ठरवले नाही म्हणून आपणही थांबावे असे काही नाही.

अमेरिकेत मात्र उलटा प्रवास सुरू झाला आहे. जून २०२५ मध्ये तिथल्या लसीकरण सल्लागार समितीचे सर्व १७ सदस्य आरोग्यमंत्र्यांनी काढून टाकले. नव्या समितीने डिसेंबरमध्ये आठ विरुद्ध तीन मतांनी ठरवले की आईला संसर्ग नसेल तर बाळाला जन्मतः लस द्यावी की नाही, हे पालकांनी डॉक्टरशी बोलून ठरवावे. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला विरोध केला. सरकारी पैसा थांबलेला नाही, लसीवर बंदीही नाही. पण प्रसूतिगृहातली परिचारिका न विचारता जे काम उरकत होती, ते आता प्रत्येक घराच्या मर्जीवर आले. ज्या पहिल्या वाटेवर या लसीला तीस वर्षांहून अधिक काळ धनी होता, तीही तिसऱ्या वाटेला मिळते आहे. हुकलेली बाळे मोठी होतील तेव्हा त्यांना गाठायची जबाबदारी अशा प्रौढांच्या दवाखान्यांवर येईल, जिथे समोर बसलेल्या पात्र रुग्णांपैकी वर्षभरात दहातल्या एकालाही लस मिळत नव्हती.